गोऱ्या तोंडाचे इंग्रजी

ऐन दिवाळीत भांडण उकरून काढू नये असा संकेत आहे. पण हे भांडण चार वर्षे माझ्या पोटात आहे, आणि फराळाबरोबर ते वाचकांना पचेल अशी आशा आहे. माझे म्हणणे सरळ आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा, तोच ते उत्तम शिकवतो ही समजूत साफ खोटी आहे. आणि तिच्यापायी व्हिएतनामसारखा मानी देश आपल्या मुलांचा वेळ आणि आईबापांचा पैसा पाण्यात घालीत आहे.

सातारच्या एका शाळेत अकरा वर्षे इंग्रजी शिकवून मी हायफाँगला गेले. हानोईच्या पूर्वेचे हे बंदर. एका खाजगी भाषावर्गाने मला नेमले होते. असे वर्ग सरकारी शाळांशी करार करतात. वेळापत्रकातला आठवड्याचा एखाद-दुसरा तास ‘परदेशी शिक्षकाचा’ म्हणून राखला जातो आणि त्याची फी पालक निराळी भरतात. समोर चाळीस-पंचेचाळीस मुले. नावे पाठ होण्याआधी घंटा वाजते, की बाई निघाल्या दुसऱ्या शाळेला!

आता न्याय पाहा. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१८ साली भाषावर्गांसाठी नियम केले. जन्माने इंग्रजीभाषिक असलेल्याला कॉलेजची पदविका किंवा पदवी आणि शिकवण्याचे प्रमाणपत्र एवढे पुरे. माझ्यासारखीला याखेरीज आपले इंग्रजी सिद्ध करावे लागते : सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीत निदान पाचवी पायरी गाठल्याचा दाखला. मी तो दिला. आमच्यात एक तरुण होता, पूर्व युरोपातला. इंग्रजी त्याच्या घरी कोणी बोलत नसे. पण केस सोनेरी, डोळे निळे! भाषावर्गाच्या जाहिरातीत तो बिनदिक्कत ‘मूळ इंग्रजीभाषिक’ झाला आणि माझ्या जवळजवळ दीडपट पगार घेऊ लागला. पोरगा वाईट नव्हता, गिटार झकास वाजवायचा. मला मात्र चालकांनी सुचवले की, पालकांनी विचारलेच तर ‘लंडनला वाढले’ म्हणून सांगावे. मी सातारा सांगत राहिले.

हे खूळ व्हिएतनामी डोक्यातून निघालेले नाही. १९६१ साली युगांडात माकेरेरे येथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी-शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली होती. आदर्श शिक्षक तो, ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, हे सूत्र तिथलेच. रॉबर्ट फिलिप्सन या इंग्रज पंडिताने १९९२ साली या सूत्राची भर ग्रंथात चिरफाड केली. पण परिषदेचे सूत्र जगभर फिरले, आणि ग्रंथ कपाटात राहिला.

‘उच्चाराचे काय?’ असे कोणी विचारील. उच्चाराचेच पाहू. व्हिएतनामी ही सुरांची भाषा. ‘मा’ हे एकच अक्षर सहा सुरांत म्हटले, तर भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा अर्थ होतात. असे सूक्ष्म कान असलेले मूल इंग्रजी शब्दाचे शेवटचे व्यंजन मात्र गिळते. कारण त्याच्या भाषेत शब्दाअखेरी स किंवा फ येतच नाही. ‘नाइस’, ‘नाइफ’ आणि ‘नाइट’ या तिघांचे एकच ‘नाइ’ होते. तीच गत काळाची. त्यांचे क्रियापद कधी रूप बदलत नाही. गरज पडली, तर ‘दा’, ‘दांग’, ‘से’ असा एखादा शब्द आधी ठेवला की काम भागते. आता ‘गो’चे ‘वेन्ट’ का होते, हे त्या मुलाला कोण समजावणार? ज्याला ते कधी शिकावेच लागले नाही, तो? मँचेस्टरचा माणूस फार तर म्हणेल, ‘आम्ही असेच म्हणतो.’ मला सांगता येते. कारण ‘अ’ आणि ‘द’ कुठे लावायचे यासाठी मी स्वतः शाळेत छड्या खाल्ल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या मराठी माणसे तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घोकून इंग्रजीत कोर्ट-कचेऱ्या गाजवीत आली, ती काय साहेबाच्या मांडीवर बसून शिकली होती?

आणि माझ्याहूनही चांगले सांगू शकणारी बाई वर्गातच असते, शेवटच्या बाकाशेजारच्या खुर्चीत. ती व्हिएतनामी सहायिका. मी बोलायचे, तिने दंगा आवरायचा, वह्या तपासायच्या, पालकांना उत्तरे द्यायची. मूल ‘नाइ’वर अडले की त्याचे ओठ कसे हलवायचे हे तिला ठाऊक, कारण दहा वर्षांमागे तिचेही तसेच अडले होते. पगाराच्या यादीत ती माझ्याही खाली. म्हणजे उतरंड अशी : सर्वांत वर गोरे तोंड, मध्ये सावळे, आणि तळाशी जिला खरोखर येते ती! व्हिएतनामी मुले शिक्षकाला ‘थाय’ आणि बाईंना ‘को’ म्हणतात, आणि २० नोव्हेंबरला, त्यांच्या शिक्षकदिनी, शाळा फुलांनी भरून जाते. वर्गात ‘को’ दोन असत. फोटोत उभी केली जाई एक गिटारवाली व्यक्ती.

मला संताप येतो, तो हे या देशात चालते म्हणून. हानोईच्या ‘वान मिएउ’त, विद्येच्या त्या मंदिरात, दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत, १४४२ पासून १७७९ पर्यंतच्या परीक्षांत चमकलेल्या विद्वानांची नावे त्यांवर कोरली आहेत. राजपुत्रांची नव्हेत, पंडितांची! याच लोकांनी १९४५ साली स्वातंत्र्य पुकारल्यावर फ्रेंच बाजूला सारली आणि वैद्यकासकट सारे उच्च शिक्षण आपल्या भाषेत आणले. आपल्याला ते अजून जमलेले नाही. तेव्हा त्यांना शहाणपण शिकवताना आवाज जरा खाली ठेवलेला बरा. फ्रेंच मास्तराला निरोप देणारा समाज इंग्रज मास्तराच्या रंगाला भुलतो, हे मात्र मला गिळवत नाही.

२०२२ पासून तिथे तिसरीपासून इंग्रजी सक्तीचे होऊ लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाने, शाळांत इंग्रजीला हळूहळू दुसऱ्या भाषेचे स्थान द्यायचे, असे ठरवले. उत्तम! पण डोंगराळ हा झांगच्या खेड्यात मँचेस्टरचा माणूस जाणार नाही, आणि गेलाच तर दुसऱ्या पावसाळ्याला टिकणार नाही. तिथे जाईल ती शेवटच्या खुर्चीतली बाईच. तेव्हा गोऱ्या तोंडावर खर्चायचा पैसा तिच्या पगारात घाला, तिला सहा महिने हवे तर परदेशी पाठवा, आणि परत आल्यावर फळ्यापाशी उभी करा. माझा तास तिला दिला तरी माझी तक्रार नाही.