ऐकून घेणं हीच तपासणी

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावच्या माणसाचं दुखणं गावात बरं झालं नाही, की तो केज नाहीतर अंबाजोगाईची वाट धरतो. केसपेपर काढायचा, नंबर लावायचा आणि आत गेल्यावर ‘अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, जीव घाबरतो’ एवढं सांगायचं. वाक्य पुरं होईतो बऱ्याचदा ताकदीच्या गोळ्या लिहूनही झालेल्या असतात. शेजारी सासू किंवा नवरा उभा असला, तर ‘जगावंसं वाटत नाही’ हे बाईच्या ओठांवर येतच नाही. डॉक्टरनं ऐकून घ्यावं ही अपेक्षा आपण सौजन्याच्या खात्यात टाकतो आणि गफलत तिथंच होते. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, साखर रक्तात सापडते. अशा तक्रारींमागं असू शकणारं नैराश्य दाखवणारं यंत्र मात्र नाही. रक्त तपासायचं ते थायरॉईड, रक्तक्षय अशी दुसरी कारणं आहेत का हे पाहायला. निदान होतं ते विचारून आणि ऐकूनच. तेव्हा इथं न ऐकणं हा निव्वळ उद्धटपणा नव्हे. तपासणीच झालेली नसते. बाईची तक्रार मुळापासून समजून न घेण्याची किंमत बीडला माहीत आहे. 2019 मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलं, की जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यामागं मुकादमाकडून घेतलेली उचल होती, बुडणारी मजुरी होती, पण घाईनं दिलेले सल्लेही होते.

डॉक्टर म्हणतील, बाहेर रांग आहे, वेळ कुठून आणायचा? रांग खोटी नाही. 2017 च्या एका जागतिक आढाव्यात भारतातल्या प्राथमिक उपचारात एका रुग्णाला मिळणारा वेळ जेमतेम दोन मिनिटं निघाला. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या रुग्णालयातल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न तोडता रुग्णांना बोलू दिलं, तेव्हा त्यांनी सरासरी 92 सेकंदांत आपलं म्हणणं संपवलं. आपल्याकडे थोडं जास्त लागेल असं धरू. तरी चुकीच्या गोळ्यांमुळं पुन्हापुन्हा होणाऱ्या फेऱ्यांपेक्षा ते स्वस्तच पडेल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: रुग्णही धीर धरत नाहीत. नैराश्याच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिली गोळी सगळ्यांना लागू पडत नाही, आणि रागानं ती एकदम बंद केली तर त्रास वाढतो. मात्र हे सांगायलाही कुणीतरी तोंड उघडावं लागतं. न सांगता दिलेली गोळी आठव्या दिवशी बंद झाली, तर दोष एकट्या रुग्णाचा कसा? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत नैराश्याच्या शंभरातले सुमारे 85 रुग्ण उपचाराबाहेर आढळले. जे कसेबसे दारापर्यंत पोचतात, त्यांना असं परतवणं परवडणारं नाही. डॉक्टर ऐकू लागेपर्यंत रुग्णानं चिठ्ठीच न्यावी: त्रास कधीपासून, कोणती रोजची कामं सुटली, झोप-जेवण कसं आहे. मरणाचे विचार येत असतील तर ते सगळ्यांत वर लिहावं आणि सोबतच्यांना बाहेर थांबायला सांगावं. तरीही ऐकलं नाही तर डॉक्टर बदलावा. त्यात कृतघ्नपणा नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.

पण चिठ्ठीचा भार आजारी माणसावर किती टाकायचा? ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्यानं पाठपुरावाही करायचा, ही मागणी जरा निर्दयच आहे. हा भार दुसऱ्या कुणाला उचलता येतो. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. युसूफ वडगावच्या पंचक्रोशीत असा माणूस बसवायला नवी इमारत नको. आशाताईंपैकी काहींना हे शिकवता येईल. फक्त त्यांच्या आधीच्या कामांवर हे फुकट लादू नये, वेगळा मोबदला द्यावा आणि बोलायला दार लावता येईल अशी एक खोली द्यावी.