दोष कारखान्याचा, दंड दिघोरीला

मोटारमालकांची गाऱ्हाणी हा समाजवादी साप्ताहिकाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न काही साथींच्या मनात उभा राहील. बहुसंख्य जनता अजून एसटीच्या थांब्यावर ताटकळत असताना चारचाकी बाळगणाऱ्याच्या इंजिनाची चिंता आपण का वाहावी? प्रश्न वरवर रास्त आहे. परंतु भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरीसारख्या गावात राहणाऱ्या माणसाला तो रास्त वाटत नाही. येथे चारचाकी हे ऐश्वर्याचे लक्षण क्वचितच असते. पुष्कळदा ते पोटाचे साधन असते. रोवणीच्या दिवसांत बायांना बांधापर्यंत पोचविणारी, अपरात्री बाळंतिणीला साकोलीच्या दवाखान्यात नेणारी, लग्नसराईत वऱ्हाड वाहणारी ही गाडी नागपुरातल्या कोणीतरी सहासात वर्षे वापरून विकलेली असते. तिच्या मालकाला मालक म्हणायचे ते कागदोपत्री. त्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो, आणि स्टिअरिंगवर त्याचाच हात असतो.

गेल्या नवतपात अशाच एका गाडीतून मी साकोलीकडे निघालो होतो. निम्मा रस्ता संपण्याआधीच बोनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. चालकाने गाडी पळसाच्या सावलीत घेतली, सवारी उतरविली आणि डोक्याला हात लावून म्हणाला, "गुरुजी, पाणी तं सकारीच टाकलो होतो." पाणी त्याने टाकले होते, यात शंका नाही. ते एका निकृष्ट नळीतून थेंबाथेंबाने वाहून गेले होते. साकोलीच्या मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा हेड गॅस्केट गेलेले होते आणि हेडला तडा पडलेला होता. मिस्त्री म्हणाला, या मॉडेलची ही जुनीच खोड आहे.

खोड जुनी होती हे कंपनीलाही ठाऊक होते. तिच्या सेवाकेंद्रात चौकशी केली असता कळले की, त्या तुकडीतील गाड्या दोन वर्षांपूर्वीच परत बोलावून ती नळी फुकट बदलून दिली गेली होती. मग या गाडीची का बदलली नाही? कारण पत्र पहिल्या मालकाच्या नावे नागपूरला गेले. त्याने ते वाचले की केराच्या टोपलीत टाकले, कोण जाणे. गाडी मात्र त्याने विकून टाकली. आता मुदत सरली आहे, आणि शिवाय चालकाने तापमानाचा काटा वेळीच पाहावयास हवा होता, असा उपदेशही मिळाला. इंजिनाचा खर्च चालकाच्या माथी आला. तीन आठवडे गाडी उभी राहिली, त्या तीन आठवड्यांची कमाई बुडाली आणि हप्ता मात्र एक दिवसही थांबला नाही.

या घटनेत कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण प्रश्न एका कंपनीच्या बेपर्वाईचा नाही. कारखान्यात जन्मलेला दोष समाजाच्या उतरंडीवरून खाली खाली कसा घरंगळत येतो आणि अखेरीस ज्याच्या अंगात तो सोसण्याची ताकद सर्वांत कमी त्याच्याच दारात कसा येऊन थांबतो, हा प्रश्न आहे. शहरातला पहिला मालक दोषाची कुणकुण लागताच गाडी विकतो, आणि विक्रीची किंमत पडू नये म्हणून दोषाबद्दल तोंड मिटून बसतो. दलाल त्याहून गप्प. दिघोरीच्या चालकापुढे मात्र तो दोष विकण्यासाठी आणखी खालची पायरी उरलेली नसते.

सदोष गाड्या परत बोलावणे या गोष्टीकडे आपल्या देशात कसे पाहिले जाते, याचा इतिहास उद्बोधक आहे. मार्च २००९ मध्ये टाटांची नॅनो मोठ्या गाजावाजाने बाजारात आली. सामान्य माणसाची एक लाखाची गाडी म्हणून तिचे कौतुक झाले. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवीकोरी नॅनो विक्रेत्याकडून घरी नेली जात असतानाच वाटेत पेटली. आगीचे इतरही प्रकार घडले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने विकल्या गेलेल्या सत्तर हजारांहून अधिक गाड्यांना धूर बाहेर टाकणाऱ्या नळीपाशी आणि विजेच्या जोडणीत जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. पण हे 'परत बोलावणे' नव्हे, असेही बजावून सांगितले. दोष मान्य नाही, उपाय मात्र देतो, अशी ही भाषा. ग्राहकाचा हक्क तिने एका शब्दात कंपनीच्या सौजन्यात बदलून टाकला. हक्क मागता येतो, सौजन्याची वाट पाहावी लागते.

आणि ग्राहकांनी काय केले? त्यांनी पाठ फिरविली. नोव्हेंबर २०१० मध्ये संपूर्ण देशात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. काही अर्थपंडितांना यात ग्राहकाच्या सार्वभौमत्वाचा साक्षात्कार होईल. पण न घेणे हा ज्याने अजून पैसे मोजलेले नाहीत त्याचा अधिकार आहे. ज्यांनी आधीच कर्ज काढून गाडी घेतली होती, त्यांच्या हाती बाजाराने कोणते शस्त्र दिले?

दुसरे उदाहरण आमच्यासारख्या प्रवाशांना अधिक जवळचे आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने शेवरोले टवेरा जातीच्या सुमारे १ लाख १४ हजार गाड्या परत बोलाविल्या. २००५ ते २०१३ या काळात तयार झालेल्या या गाड्या भाड्याच्या वाहतुकीत सर्रास धावत होत्या. तपासणीसाठी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवून चाचण्या उत्तीर्ण केल्या जात होत्या, हे खुद्द कंपनीलाच सरकारपुढे कबूल करावे लागले. म्हणजे वर्षानुवर्षे सरकारी तपासणी हा एक फार्स होता. पुढे २०१७ च्या अखेरीस त्या कंपनीने या देशात गाड्या विकणेच बंद केले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले. गाडीचा चालक आणि गाडी बनविणारा कामगार हे दोघे एकमेकांना कधी भेटले नसतील, पण भांडवल आपला मुक्काम हलविते तेव्हा दोघेही सारखेच मागे टाकले जातात.

असे नाही की यावर कायदा नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते अमलात आले. सदोष गाड्या परत घेण्याचा हुकूम केंद्र सरकार काढू शकते. मग कंपनीने पूर्ण किंमत परत द्यावी, गाडी बदलून द्यावी किंवा दुरुस्त करून द्यावी, असे हे कलम सांगते. शब्द उत्तम आहेत. परंतु त्याखालील नियम पाहा. सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच त्यांचे संरक्षण. आणि दंडाची रक्कम गाड्यांच्या संख्येनुसार १० लाखांपासून फार तर १ कोटी रुपयांपर्यंत. लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला १ कोटीचा दंड म्हणजे हत्तीच्या पाठीवर काडी. शिवाय कंपनीने आपण होऊन दोष कळविला तर तेवढाही दंड नाही. तक्रार करायची ती मालकांनी, आणि ठरलेल्या संख्येने मालक तक्रार करतील तेव्हा चक्रे हलणार. मालक देशभर विखुरलेले, एकमेकांना अनोळखी, आणि दिघोरीचा चालक तर आपली गाडी एकटीच नादुरुस्त आहे असे समजून नशिबाला बोल लावणारा. ही संख्या जमणार कशी?

सात वर्षांची ही मर्यादा नीट न्याहाळली पाहिजे. शहरात गाडी नवी असते तेव्हा कायदा तिच्या सोबत असतो. ती खेड्यात पोचते त्याच सुमारास कायदा तिची साथ सोडतो. हा योगायोग असेल. पण असे सगळे योगायोग गरिबाच्याच वाट्याला का यावेत? भांडवलशाहीची पंढरी म्हणून ज्या अमेरिकेकडे बोट दाखविले जाते, तेथे १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा कायदा झाला. आज तेथे परत बोलाविलेली गाडी १५ वर्षांपर्यंत फुकट दुरुस्त करून द्यावी लागते, आणि नोंदणीच्या दप्तरातून मालकाचा पत्ता काढून त्याला टपालाने कळवावे लागते. आपल्याकडेही प्रत्येक गाडीच्या मालकाचे नाव व पत्ता परिवहन खात्याच्या दप्तरी आहे. वेगमर्यादा ओलांडल्याचे चलान एमएच ३६ क्रमांकाच्या गाडीला अचूक शोधून काढते. दंड वसूल करताना सरकारला मालक सापडतो. त्याचे इंजिन पेटू शकते हे सांगताना मात्र तो बेपत्ता होतो!

लोकांनी रेटा दिला तर काय घडते, याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत मिळतो. तेथे फोर्ड कंपनीच्या कुगा गाड्या रस्त्यात पेटू लागल्या. थंड ठेवणारे पाणी इंजिनात नीट न खेळल्यामुळे हेडला तडा जाई, त्यातून तेल गळून तापलेल्या भागावर पडे आणि आग लागे. थोडक्यात, दिघोरीच्या रस्त्यावर आम्ही पाहिले त्याचीच ही पुढची अवस्था. गाडीमालक जळालेल्या गाड्यांची छायाचित्रे घेऊन एकत्र आले, वर्तमानपत्रांनी प्रश्न धसास लावला, तेथील ग्राहक आयोगाने दबाव आणला, आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनीला ४,५५६ गाड्या परत बोलावाव्या लागल्या. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणण्यास सरकारनेच बंदी केली आणि दोष दडविल्याचा ठपका ठेवून कंपनीला दंड केला. बीएमडब्ल्यूचे मालक काही शोषित जनता नव्हेत, हे खरे. पण जे संरक्षण तेथील श्रीमंताला मिळाले, ते येथील गरिबाने मागू नये काय?

कारखानदारांची उत्तरे आपल्याला पाठ आहेत. नियम कडक केले तर गाड्या महाग होतील, असे ते म्हणतील. वस्तुतः दोषाची किंमत आजही मोजली जातेच. फक्त ती कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही, चालकाच्या घरातील गहाण पडलेल्या डोरल्यात दिसते. दुसरे उत्तर निगा न राखल्याचे. खेड्यातील गाड्यांची निगा कमी पडते, सवारी क्षमतेपेक्षा जास्त बसते, हे मी नाकारीत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्धही बोलले पाहिजे. परंतु ज्या गाडीच्या नळीत कारखान्यानेच खोट ठेवली, तिच्या बाबतीत निगेची सबब पुढे करणे म्हणजे चोराने घरमालकाला कुलूप बदलण्याचा सल्ला देणे होय.

मग करायचे काय? आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सात वर्षांची अट काढून टाकावी. गाडीची नोंदणी जिवंत आहे तोवर कारखान्याची जबाबदारी जिवंत असावी. परत बोलाविल्याची सूचना परिवहन कार्यालयामार्फत आजच्या मालकाला, त्याच्या भाषेत, टपालाने पोचली पाहिजे, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागली पाहिजे. दुरुस्ती तालुक्याच्या गावी व्हावी आणि गाडी उभी राहील तितक्या दिवसांची नुकसानभरपाई मिळावी. नळी निकृष्ट आहे हे कारखान्यात सर्वांत आधी ज्याला दिसते त्या कामगाराला, कंत्राटी असला तरी, नोकरी न गमावता ते सरकारला सांगता आले पाहिजे. ही शेवटची मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातली, तर चालक आणि कामगार यांच्यातील दरी पुष्कळ मिटेल.

सरकार या मागण्या मान्य करीपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. दोषाची माहिती 'अन्य कोणत्याही स्रोताकडून' आली तरी सरकार दखल घेऊ शकते, अशी फट कलम ११०-अ मध्येच आहे. तो अन्य स्रोत आपण का होऊ नये? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, म्हणजे कंपनीचे मुख्यालय कोठेही असो, तिला भंडाऱ्याच्या आयोगापुढे उभे करता येते. उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालविणाराही त्या कायद्याने ग्राहकच ठरतो, आणि अनेकांना मिळून एक तक्रार आयोगाच्या परवानगीने करता येते. तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या भागातील भाड्याच्या गाड्यांची वही घालावी. मॉडेल, साल, चासी क्रमांक, कोणता भाग केव्हा गेला, मिस्त्रीने काय सांगितले, हे सारे त्यात उतरवावे. मिस्त्रीची सही घ्यावी. त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा मिळणार नाही. दहा गावांच्या वह्या एकत्र आल्या की ज्याला चालक नशीब म्हणत होता तो कारखान्याचा दोष होता, हे आपोआप दिसू लागेल.

दिघोरीत या वहीचे पहिले पान लिहून झाले आहे. त्यावर आज सहा गाड्या आहेत, आणि त्यांपैकी तीन एकाच मॉडेलच्या आहेत. साकोली, लाखनी, पवनीच्या साथींनी आपापली पाने लवकर धाडावीत. पुढचा नवतपा येण्यापूर्वी ती भंडाऱ्याला पोचली पाहिजेत.