औषध नव्हे, विष म्हणा!

गेल्या आठवड्यात एका तरुण शेतमजुराला त्याच्या आईने हाताला धरून दवाखान्यात आणले. अंग घामाने चिंब, तोंडातून लाळ गळते आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, दंडाचे स्नायू थडथड उडताहेत. आई म्हणाली, "सकाळपासून औषध मारत होता, डाक्टरसाहेब. ऊन लागलं असंल."

ऊन नव्हे, ते 'औषध'च लागले होते.

वाचकहो, आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत धावतो. पण मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते. असिटिलकोलिन नावाचे रसायन ती ओलांडते आणि स्नायू आकुंचन पावतो. निरोप पोहोचताच एक एन्झाइम या रसायनाचे तुकडे करते, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. मज्जातंतू रसायनाद्वारे निरोप देतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवून दिले.

ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके नेमके हेच एन्झाइम निकामी करतात, किडीचे आणि माणसाचेही. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ सुटते, स्नायू उडतात आणि शेवटी लुळे पडतात. श्वासाचे स्नायू लुळे पडले की जीवावर बेतते. अॅट्रोपीनने लाळ व छातीतील स्राव आटोक्यात येतात, पण लुळ्या स्नायूंना त्याचा उपयोग नाही. तेथे कृत्रिम श्वासच लागतो. म्हणून त्या मुलाला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवले. तो वाचला.

सगळेच वाचत नाहीत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जण दगावले.

हे विष प्यावे लागत नाही, कातडीतूनही भिनते. पण 'औषध' म्हटले की माणूस निर्धास्त होतो. उघड्या हाताने कालवतो, वाऱ्याच्या तोंडावर फवारतो, त्याच हाताने तंबाखू मळतो. महागडे कीटकनाशक आणणाऱ्या मालकाला मजुराच्या हातमोज्यांचा खर्च जड वाटावा, हे मला पटत नाही.

फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधारी आली तर उन्हावर ढकलू नका. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा. औषध आम्ही देतो. तुम्ही फवारता ते विष आहे.