इच्छेचे परिमाण

मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या मध्ये, रोहा तालुक्यात खांब हे गाव आहे. पूर्वी अशा गावातील कुटुंबाला कापड वा भांडी घ्यावयाची असली, की यादी करून रोह्याच्या किंवा पेणच्या बाजारात जावे लागे. यादी वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून जाई आणि जाण्याचा दिवस उजाडेपर्यंत तीतील एखादी वस्तू आपोआप गळून पडे. इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये असे अंतर होते.

आता ते अंतर मोबाईलवर क्षणात मिटते. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून नोट हातातून सुटल्याची जाणीवही उरली नाही. बहुतेकांना ही सोय असते. काहींच्या बाबतीत मात्र ती व्याधीला वाट करून देते. खरेदीच्या अनावर ओढीची नोंद जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती.

या व्याधीत वस्तूची गरज गौण असते. एकटेपणा, अपमान किंवा चिंता यांनी मन अस्वस्थ होते. वस्तू निवडताना ते दुःख विसरले जाते. पैसे दिल्यावर अल्पकाळ हलके वाटते. मग अपराधीपणा येतो आणि तो विसरण्यासाठी पुन्हा खरेदी होते. न उघडलेली खोकी, लपविलेली बिले आणि घरच्यांना न सांगितलेले कर्ज ही तिची लक्षणे होत.

समाजही या ओढीला खतपाणी घालतो. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांना खरेदीचा मुहूर्त मानला जातो. लग्नातील आहेरावरून घराची पत मोजली जाते. व्यापारी कुटुंबात तर अडचण दुहेरी असते. मालाचा उठाव हेच ज्याच्या पेढीचे यश, त्याच्या घरात जास्त खरेदी हा दोष वाटत नाही. आणि कर्ज उघड झाले तर पेढीची पत जाईल या भयाने ते दडविले जाते.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक मोठा धनिक होता. त्याने धन टाकले नाही. ठेव, व्यापार आणि घरवाखर यांसाठी प्रत्येकी चार कोटी सुवर्णमुद्रांची मर्यादा घातली. मोह समोर उभा राहण्यापूर्वीच सीमा ठरविणे, हे त्या व्रताचे मर्म आहे. मासिक खर्चाचा आकडा आधी लिहून ठेवणे, मोबाईलमधून कार्डाची माहिती काढून टाकणे, आवडलेली वस्तू यादीत लिहून आठवडाभर थांबणे, ही त्याचीच आजची रूपे.

मात्र व्याधी जडलेल्याला केवळ उपदेश पुरत नाही. त्याला उधळ्या म्हणून हिणविल्यास तो अधिक लपवील. घरातील कोणी शांतपणे शेजारी बसून हिशोब मांडावा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे सोबत जावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे. पेढीवरील तूट वेळीच वहीत मांडली तर भरून काढता येते. मनाच्या तुटीलाही तोच न्याय लागू आहे.