फायबर कुजत नाही म्हणे!

जुनी फायबरची होडी विकणारा एक वाक्य हमखास टाकतो, "फायबर आहे साहेब, कुजत नाही." वर पुन्हा, "जुनं काम आहे, बघा किती जाड!" घेणारा मान डोलावतो आणि थेट इंजिनच्या किमतीवर येतो. पाचूबंदरला घर असलेला माझा एक मित्र, आयटीतलाच, भावासाठी होडी बघतोय, तोही हेच करतोय. पगारातून साठवलेले पैसे, आणि रोज त्या होडीतून जाणार सख्खा भाऊ. म्हणून ही कटकट.

फायबर कुजत नाही, मान्य. लाकूड पोखरणारा समुद्री किडाही त्याला लागत नाही. पण त्या होडीत नुसतं फायबर असतं कुठे? ज्या मागच्या फळीवर आउटबोर्ड लटकतं तिच्या पोटात बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टची भोकं नीट सील केली नाहीत की पाणी आत. बाहेरून चकाचक, आतून भिजलेला पुठ्ठा. इंजिन वर उचलून अडकवा, त्याच्या खालच्या टोकावर जोर देऊन खालीवर हलवा आणि दुसऱ्याला फळीकडे बघायला सांगा. फळी लवली, बोल्टपाशी चिरा दिसल्या, तर आतलं प्लायवूड संपलेलं समजा. पाच मिनिटांचं काम आहे हो!

आता जाडी. ताकद असते काचेच्या धाग्यात, रेझिन त्याला धरून ठेवतं इतकंच. हाताने केलेल्या चॉप्ड मॅटच्या कामात वजनाच्या साधारण ३०-३५ टक्के काच असते, विणलेलं रोव्हिंग वापरलं तर ५० च्या आसपास जाते. रोलर न फिरवता रेझिन ओतत गेलं की होडी जाड होते, जड होते आणि ठिसूळसुद्धा. कोडच्या ओळी मोजणाऱ्या मॅनेजरला आपण हसतो, आणि इथे बोटाने जाडी मोजतो. धन्य!

खरं काम दिसतं ते आतून, तळाच्या फळ्या उचलल्यावर, जिथे रंग नाही तिथे. पांढरे कोरडे पट्टे म्हणजे रेझिन पोचलेलंच नाही. चकचकीत गोळे म्हणजे नुसतं रेझिन. मग बाहेरून हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणटण वाजता वाजता मध्येच भद्द आलं तर तिथे थर सुटलेत किंवा आत ओल आहे. लाकडी होडी घेताना जाणता माणूस असंच ठोकून बघतो, मग फायबर दिसलं की हात का आखडतो?

आपल्याकडे होड्या वाळूवर ओढतात, त्यामुळे तळाचा कणा घासून धागे उघडे पडतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात, आणि त्याच दिवसांत त्यांना रंगही लागतो. तेव्हा रंग लागायच्या आधी जा. विकणारा "ठोकू नका, रंग उडेल" म्हणाला तर पुढची होडी बघा.

फायबरला येणाऱ्या फोडांबद्दल पुढच्या शनिवारी.