दोन गिअरांसाठी एवढा खटाटोप

जुन्या बीएमडब्ल्यू एम-३ च्या अमेरिकन मालकांना एक खूळ अधूनमधून झपाटतं. गाडीचा मूळ गिअरबॉक्स उतरवायचा आणि त्याच गाडीच्या युरोपात विकल्या गेलेल्या आवृत्तीतला बसवायचा. गाडी ई-३० पिढीची, १९८६ ते १९९१ या काळातली. अमेरिकेत ती १९८८ च्या मॉडेलपासून मिळू लागली, पण तिथे पाठवताना कंपनीने गिअरबॉक्स वेगळा दिला. दोन्ही गिअरबॉक्स गेट्राग या जर्मन कंपनीचे, दोन्ही पाच गिअरांचे. तरीही युरोपातला तो खरा आणि आपला तो पांढरपेशा, अशी भावना तिथल्या हौशी मंडळींत घट्ट बसली आहे.

युरोपातल्या गिअरबॉक्सची रचना 'डॉगलेग' म्हणून ओळखली जाते. पहिला गिअर डावीकडे खाली, त्याच्या डोक्यावर रिव्हर्स. दुसरा आणि तिसरा मधल्या ओळीत, चौथा आणि पाचवा उजवीकडच्या. ही गाडी मुळात शर्यतीच्या नियमांतून जन्मली. ग्रुप ए गटात उतरायचं तर बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवाव्या लागत, म्हणून बीएमडब्ल्यूने त्या बनवल्या. १९८७ साली रोबेर्तो रावाग्लियाने याच गाडीवर टूरिंग कारचं जागतिक विजेतेपद मिळवलं. शर्यतीत पहिल्या गिअरचं काम सुटताना, एकदाच. नंतर वळणावळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा. ते दोन एका सरळ रेषेत असले की दांडा फक्त खाली ओढायचा.

रोजच्या रस्त्यावर मात्र सर्वांत जास्त होणारा बदल पहिल्यावरून दुसऱ्यावर, आणि डॉगलेगमध्ये नेमका तोच वाकडा. शिवाय सिग्नलला पहिला टाकायला हात सवयीने डावीकडे वर गेला तर तिथे रिव्हर्स वाट पाहत असतो. लॉस एंजेलिसच्या रांगेत मागची गाडी दोन हातांवर उभी असताना ही चूक परवडणारी नाही. (ई-३० एम-३ फक्त डाव्या स्टीअरिंगची बनली. म्हणजे दांडा उजव्या हातात आणि पहिला गिअर चालकाच्या बाजूला. आपल्याकडच्या चालकाला दोन सवयी एकदम मोडाव्या लागतील.)

इथपर्यंतचा भाग आवडीनिवडीचा. ज्याला तो वाकडा पहिला गिअर टाकण्यातच मजा वाटते, त्याच्याशी वाद नाही. वाद आहे तो 'याने गाडी पळते' या दाव्याशी, आणि तो कागद-पेन्सिलीने तपासता येतो.

युरोपी गिअरबॉक्सचे रेशो आहेत ३.७२, २.४०, १.७७, १.२६ आणि १.००. अमेरिकन गिअरबॉक्सचे ३.८३, २.२०, १.४०, १.०० आणि ०.८१. नुसते हे आकडे पाहिले तर युरोपी गिअर किती जवळजवळ आहेत, असं वाटून माणूस हरखतो. पण चाकापर्यंत जाताना इंजिनाचा जोर आणखी एका ठिकाणी गुणला जातो, मागच्या डिफरन्शियलमध्ये. युरोपी गाडीत तो आकडा ३.२५, अमेरिकन गाडीत ४.१०. आता गुणाकार करून बघा. तिसऱ्या गिअरला युरोपी गाडीत ५.७५ आणि अमेरिकन गाडीत ५.७४. चौथ्याला दोन्हीकडे ४.१०. पाचव्याला ३.२५ आणि ३.३२.

म्हणजे तिसरा, चौथा, पाचवा हे तीन गिअर चाकाच्या दृष्टीने जवळपास एकच आहेत. समुद्र ओलांडताना बदलले ते फक्त पहिले दोन. युरोपात पहिला १२.०९ आणि दुसरा ७.८०, अमेरिकेत १५.७० आणि ९.०२. अमेरिकन गाडीचा पहिला बराच आखूड. जागेवरून ती पटकन सुटते, गर्दीत क्लच कमी जळतो. बीएमडब्ल्यूच्या अभियंत्यांनी अमेरिकन गिऱ्हाइकाला कमी प्रतीचं काही गळ्यात मारलं, हा आरोप या गुणाकारापुढे टिकत नाही.

युरोपी जोडीचा फायदा एका जागी खरा आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. या २.३ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ४,७५० आरपीएमला मिळतो आणि कमाल शक्ती ६,७५० ला. ७,००० पर्यंत ताणून दुसऱ्यावरून तिसरा टाकला, तर युरोपी गाडीत काटा साधारण ५,१६० वर येतो, अमेरिकन गाडीत ४,४५० वर. पहिल्या ठिकाणी इंजिन तयारीत असतं, दुसऱ्या ठिकाणी त्याला क्षणभर दम घ्यावा लागतो. डोंगरातल्या वळणांवर हा फरक हाताला, कानाला, पाठीला जाणवतो. पण वळणांवर आहे तो या एका बदलात. तिसऱ्यावरून चौथा टाकताना दोन्ही गाड्यांत काटा एकाच जागी उतरतो.

अनेकांचा घोळ पुढे होतो. डॉगलेग गिअरबॉक्स शोधून, पैसे मोजून आणतात आणि डिफरन्शियल तेच ४.१० चं ठेवतात. मग पाचवा गिअर सरळ १.०० चा आणि मागे ४.१०. मूळ मापाच्या टायरवर १०० किमी वेगाला इंजिन साधारण ३,६०० आरपीएमने फिरतं. आधी २,९०० ला भागत होतं. ७,००० ला पाचव्या गिअरात गाडी १९५ किमीच्या आसपास संपते, जिच्या युरोपी आवृत्तीची कमाल गती कंपनी २३५ सांगत होती. छोट्या ट्रॅकवर फिरवायची असेल तर ही जोडी झकास आहे, पाचही गिअर कामाला येतात. पण त्याच गाडीने तीन तास हायवेने जाऊन मग ट्रॅकवर उतरायचं असेल, तर पोहोचेपर्यंत कान बधिर झालेले असतील.

गिअरबॉक्ससोबतचं बारदानही कमी नाही. प्रॉपेलर शाफ्ट, खालचा आडवा आधार, दांड्याची जोडणी हे सगळं त्या गिअरबॉक्सच्या मापाचं हवं. शाफ्टचा कोन जरा चुकला की ठरावीक वेगाला सीटखाली थरथर सुरू होते आणि मग महिनोन् महिने तिचा माग काढत बसायचं. सुदैवाने या गाडीत स्पीडोमीटरचा सेन्सर डिफरन्शियलवर आहे, त्यामुळे गिअरबॉक्स बदलल्याने काटा खोटं बोलत नाही.

आणखी एक गोष्ट. पस्तीस वर्षांच्या गाडीत 'गिअरबॉक्स गेला' अशी तक्रार येते, तेव्हा पुष्कळदा गेलेले असतात दांड्याखालचे बुश आणि इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग्ज. माउंटिंग खचलं की जोर लावताना इंजिन एका बाजूला वळतं, दांडा आपली ओळ सोडतो आणि भलताच गिअर पडतो. बुश आणि माउंटिंग एका सुटीच्या दिवसात बदलून होतात. ते केल्यावर कित्येकांना आपला जुना गिअरबॉक्स नव्याने आवडायला लागतो.

गिअरबॉक्स बदलूच नये, असं माझं म्हणणं नाही. १९९३ च्या टोयोटा सुप्राचा सहा गिअरांचा गेट्राग आता दुर्मीळ आणि महाग झाला आहे. त्या गाडीत निस्सान ३५०झेडचा किंवा मेक्सिकन ट्रेमेकचा गिअरबॉक्स बसवणारे लोक अडचणीतून वाट काढत आहेत. निस्सानचा बसवायला त्याचं बेलहाऊसिंग कापून अडॅप्टर लावावा लागतो, पण गाडी चालती राहते. तिथे गरज आहे. एम-३ च्या बाबतीत बहुतेकदा मोह असतो.

मोह आवरत नसेल तर ३.२५ चं डिफरन्शियल आधी मिळवा, गिअरबॉक्स नंतर. बसवताना गाडीचा पत्रा कापू नका, आणि काढलेला मूळ गिअरबॉक्स, शाफ्ट आणि डिफरन्शियल तेल लावून, गुंडाळून ठेवा. या गाड्यांचे भाव मूळ सुट्या भागांवर ठरतात, आणि पुढचा मालक पहिला प्रश्न तोच विचारेल.