बारा महिने हिरवं कशाला?

बागेच्या बाबतीत एक वाक्य मला अजिबात पटत नाही: "मेंटेनन्स काही नाही, आणि बारा महिने हिरवंगार!" नर्सरीवाला हे म्हणतो, सोसायटीची कमिटी म्हणते, हापिसात कुंड्या पुरवणारा तर छातीठोकपणे म्हणतो. आपण आयटीवाले लगेच भुलतो. रात्री दोनला सर्व्हर डाउन झाला म्हणून फोन येणाऱ्या माणसाला झाडसुद्धा शंभर टक्के अपटाइमवालंच हवं असणार ना!

या हट्टापायी आपण काय काय गोळा केलंय बघा. स्पायडर प्लांट आफ्रिकेतला. स्नेक प्लांटही आफ्रिकेतला. घराघरातला मनीप्लांट मूळचा ताहितीशेजारच्या मोओरेआ बेटावरचा, आणि त्या द्वीपसमूहाचं नावच आहे सोसायटी आयलंड्स. म्हणजे तो सोसायटीत शोभतो हे कबूल :) या झाडांशी माझं भांडण नाही. पण सावलीत वाढणारं आपल्या मातीतलं काही आठवा म्हटलं, तर आपली गाडी अडते.

तर माझा उमेदवार आहे काळी मुसळी. सह्याद्रीत जूनमध्ये भटकंती केली असेल तर तुम्ही ती पाहिलेली आहे, फक्त बुटाखाली आली म्हणून कळलं नसेल. पहिले दोन-चार पाऊस झाले की झाडाखालच्या ओल्या पाचोळ्यातून सहा पाकळ्यांची पिवळी चांदणी वर येते. जमिनीपासून जेमतेम काही बोटं उंच. पानं ताडाच्या रोपासारखी, लांब आणि घड्या पडलेली. म्हणून संस्कृतात ती तालमूली, आणि मल्याळममध्ये नीलप्पना, म्हणजे जमिनीवरचा ताड. केरळात तर ती दशपुष्पांमध्ये मोडते. शास्त्रीय नाव कर्क्युलिगो ऑर्किऑइडीस. लॅटिनमध्ये कर्क्युलिओ म्हणजे सोंडकिडा. हिच्या बीला सोंडेसारखं टोक असतं, त्यावरून हे नाव.

गंमत म्हणजे फुलाचा बीजकोश पानांच्या बेचक्यात, जवळपास मातीतच असतो. आपल्याला दिसते ती फक्त लांब नळीवर वर आलेली चांदणी. खरा कारभार सगळा खाली. बाहेरून काळा, आतून पांढरा असा जाड कंद सरळ खाली जातो, आणि उन्हाळ्यात पानं वाळून गेली तरी झाड त्या कंदात जिवंत असतं. पाऊस आला की पुन्हा वर.

लावायची म्हणाल तर अवघड काहीच नाही. कोंब असलेला कंदाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. पावसाच्या तोंडावर लावायचा. माती भुसभुशीत, पालापाचोळ्याचं खत मिसळलेली. ओल हवी, पण पाणी साचायला नको, नाहीतर कंद कुजतो. मोठ्या झाडाची सावली उत्तम. लांब पानाचं टोक ओल्या मातीला टेकलं तर तिथे कधीकधी नवं पिल्लू फुटतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वरचा पाचोळा झाडून काढायचा नाही.

इथेच घोडं पेंड खातं. आमच्या सोसायटीत दोन इमारतींच्या मधे, जांभळाखाली, चार फूट रुंदीची एक सावलीतली पट्टी आहे. तिथे लॉन टिकत नाही म्हणून कमिटीला आता पेव्हर ब्लॉक बसवायचे आहेत. येत्या मीटिंगला ठरेल. आक्षेप दोन. एक, पाचोळ्याने डास होतात. पण डासांना अंडी घालायला साचलेलं पाणी लागतं. भुसभुशीत मातीवरच्या पाचोळ्यात पाणी साचत नाही, जिरतं. उलट ब्लॉक जरा खचले की डबकी तयार. दुसरा आक्षेप, "उन्हाळ्यात तिथे काहीच दिसणार नाही." हा मात्र खरा आहे. थोडं पाणी घातलं तर पानं बरीच टिकतात, पण एप्रिल-मेमध्ये ती पट्टी फोटो काढण्यासारखी नसणार. मी मीटिंगमध्ये हे लपवणार नाही. उन्हाळ्यात जंगलसुद्धा असंच दिसतं, आणि त्याला कोणी नापास करत नाही.

मी नर्सरीतून वाढवलेली चार रोपं आणून जांभळाखाली लावली आहेत. माळीकाकांनी पानावरूनच ओळखलं. "ही तर मुसळी! आमच्या डोंगराला मोप. सांगायचं नाही का, पुढच्या खेपेला पोतंभर आणतो खणून."

मी म्हटलं, "नको काका, तिथली तिथेच राहू द्या."

काका हसले. "जडीबुटीवाले नेतातच की. तुम्ही नाही नेली म्हणून डोंगर भरणार आहे का?"

प्रश्न बिनतोड आहे. मुसळीला औषधासाठी मागणी आहे, आणि औषधाचा भाग नेमका तो कंद. पान तोडलं तर झाड परत फुटतं. कंद गेला की झाडच गेलं. माझ्या चार रोपांनी ही खणणी थांबणार नाही. "देशी झाड लावा, जंगल वाचवा" अशी घोषणा मला म्हणूनच करवत नाही. उलट भीती ही वाटते की उद्या देशी झाडांची फॅशन आली, तर आपल्यासारख्यांच्या बागांसाठी डोंगर आणखी खणले जातील. त्यामुळे माझी अट एकच. रोप घेताना विचारायचं, हे वाढवलंय की उपटून आणलंय? उत्तर गोलमाल वाटलं तर हात हलवत परत यायचं. स्पायडर प्लांट घ्या खुशाल, पण डोंगरातलं उपटलेलं नको.

मग लावायची तरी कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर असं, की जे झाड ओळखीचं आहे तेच गेलेलं कळतं. आमच्या इमारतीतल्या पोरांना मनीप्लांट माहीत आहे, मुसळी नाही. ती डोंगरातून नाहीशी झाली तर त्यांना चुकल्यासारखं तरी कसं वाटणार? त्यासाठी चार फूट सावली आणि दोन महिन्यांचा ओसाडपणा एवढीच किंमत असेल, तर मला ती परवडते.

मीटिंगला मी हेच मांडणार आहे. तुमच्याही सोसायटीत अशी एखादी "काहीच उगवत नाही" पट्टी असेलच. ब्लॉकचं कोटेशन मागवण्याआधी एक पावसाळा जाऊ द्या.